न उडालेला रूपेरी पक्षी

कला शाखेच्या विद्यार्थिनीने अवकाशयानांवर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना नवल वाटले. गणिताशी माझे सख्य किती, हे त्यांना चांगलेच ठाऊक आहे! पण इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय, आणि ह्या विषयाकडे मी वळले ती इतिहासाच्याच वाटेने. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीविषयी वाचत असताना एका विमानाचा उल्लेख माझ्या वाचनात आला. ते विमान कधी बांधले गेले नाही, कधी उडालेही नाही. कागदावर आखलेल्या त्या विमानाचे नाव होते ‘झिल्बरफोगेल’, म्हणजे रूपेरी पक्षी. अग्निबाणाच्या जोरावर वातावरणाच्या वर जायचे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे झेपावायचे आणि साध्या विमानासारखे धावपट्टीवर उतरायचे, अशी ती योजना होती. अमेरिकेच्या ज्या स्पेस शटलची छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहिली, त्याच्या पूर्वजांत ह्या पक्ष्याची गणना होते. मात्र हा पक्षी पोटात बॉम्ब घेऊन न्यूयॉर्कवर जायचा होता.

पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या यानाची एवढी सुंदर कल्पना आणि तिचा एवढा भयंकर उपयोग एकाच डोक्यातून कसा निघाला, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. म्हणून त्या डोक्याच्या मालकाचे, ऑयगेन झेंगरचे, चरित्र मी शोधू लागले.

झेंगरचा जन्म २२ सप्टेंबर १९०५ रोजी प्रेसनिट्स नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव बोहेमियाच्या डोंगराळ भागात, त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. देशोदेशी फिरणाऱ्या वादकांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. जर्मन भाषेत झेंगर ह्या आडनावाचा अर्थही गायक असाच आहे. परंतु ह्या मुलाला सुरांचे नव्हे, आकाशाचे वेड लागले. कुर्ट लासविट्स ह्या लेखकाची मंगळावरील माणसांविषयीची एक कादंबरी तरुणपणी त्याच्या हाती पडली आणि त्या वेडाला खतपाणी मिळाले. तरीही शिक्षणासाठी त्याने निवडला तो पोटापाण्याचा मार्ग. ग्राझ आणि व्हिएन्ना येथे तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागला. पूल आणि इमारती बांधण्यात त्याचे आयुष्य सहज निघून गेले असते.

पण १९२३ साली हेरमान ओबेर्थ ह्या शिक्षकाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. अग्निबाणाच्या साहाय्याने माणूस पृथ्वीबाहेर जाऊ शकेल, हे त्यात कल्पनेच्या नव्हे, तर गणिताच्या भाषेत मांडले होते. ते वाचून झेंगरने पूल-इमारतींकडे पाठ फिरवली आणि विमानशास्त्राची कास धरली. डॉक्टरेटसाठी त्याने अग्निबाणाच्या उड्डाणावर प्रबंध सादर केला. विद्यापीठाने तो नाकारला. विषय फार काल्पनिक आहे, असे परीक्षकांचे मत पडले. मग त्याने विमानाच्या पंखांच्या रचनेवर, आतील आडव्या-उभ्या आधारांवर, दुसरा एक सरळसोट प्रबंध लिहिला आणि पदवी मिळवली. नाकारलेल्या विषयाचे त्याने १९३३ साली पुस्तक केले. ‘राकेटेनफ्लुगटेक्निक’, म्हणजे अग्निबाण-उड्डाणाचे तंत्र, हे त्या पुस्तकाचे नाव. आज त्या क्षेत्रातील पहिल्या पाठ्यपुस्तकांत त्याची गणना होते. आपल्या कल्पना ज्यांच्याकडून परत आल्या असतील, अशा सर्वांना ही हकिगत धीर देणारी आहे.

झेंगरचे वेगळेपण कशात होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. त्या काळी बहुतेक सर्वांच्या डोळ्यांसमोर होता तो सरळ वर जाणारा, एकदाच वापरायचा अग्निबाण. दिवाळीतल्या बाणासारखा. एकदा सुटला की संपला. झेंगरचा विचार निराळा होता. प्रत्येक फेरीनंतर मोडीत काढावे लागणारे वाहन हे वाहनच नव्हे, अशी त्याची धारणा होती. आगबोट परत येते, आगगाडी परत येते, विमान परत येते. मग अवकाशात जाणारे यान तेवढे का फेकून द्यायचे? त्याला पंख असावेत, ते उतरावे, त्यात पुन्हा इंधन भरावे आणि त्याने पुन्हा निघावे. ऐकायला ही गोष्ट किती सोपी वाटते! पण पुढची शंभर वर्षे माणसाची बुद्धी आणि तिजोरी ह्या एका वाक्यापायी शिणणार होती.

१९३२ ते १९३४ ह्या काळात व्हिएन्नाच्या विद्यापीठातच झेंगरने अग्निबाणाच्या इंजिनाचे प्रयोग केले. अडचण अशी होती की, तेल आणि द्रवरूप प्राणवायू एकत्र जळू लागले की भट्टीच्या भिंतीच वितळत. झेंगरने तेच इंधन जळण्याआधी भट्टीच्या भिंतींभोवती नळ्यांतून खेळवले. इंधनाने भिंती थंड ठेवायच्या, आणि तापलेल्या इंधनाने मग आत जाऊन जळायचे, अशी ही व्यवस्था. जाळणाऱ्यालाच राखणदार करण्याची ही युक्ती आजच्या मोठ्या इंजिनांतही वापरली जाते. सेकंदाला सुमारे ३,००० मीटर वेगाने बाहेर पडणारा झोत त्याने ह्या लहानशा साधनांतून मिळवला. ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे त्याने आपले काम पाठवले, पण तेथूनही नकारच आला.

आणि मग जर्मनीचे बोलावणे आले. १९३६ साली झेंगर तिकडे गेला. हिटलर सत्तेवर येऊन तीन वर्षे झाली होती. ल्युनेबुर्गच्या माळरानावर ट्राउएन येथे हवाई मंत्रालयाने त्याच्यासाठी एक संशोधन केंद्र उभारले. नकारामागून नकार पचवलेल्या तिशीतल्या संशोधकाला एकाएकी जमीन, इमारती, माणसे, पैसा, सारे काही मिळाले. हे देणारे कोण आहेत आणि कशासाठी देत आहेत, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असेल का? विचारला असेल, तर त्याचे उत्तर त्याच्या वागण्यात मला दिसले नाही.

ट्राउएनलाच त्याला इरेने ब्रेट भेटली. १९११ साली जन्मलेली ही तरुणी पदार्थविज्ञानाची डॉक्टर होती. ज्या काळात प्रयोगशाळेत स्त्री दिसणे हेच नवल होते, त्या काळात रूपेरी पक्ष्याच्या आकडेमोडीचा मोठा भार तिने उचलला. पक्ष्याची जी काही ओळख आज जगाला आहे, ती दोघांच्या नावाने आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

कसा होता हा पक्षी? लांबी २८ मीटर, पंखांचा विस्तार १५ मीटर. खालचा भाग इस्त्रीच्या बुडासारखा सपाट. निघताना वजन १०० टन, त्यातले सुमारे ९० टन नुसते इंधन आणि प्राणवायू. उरलेल्या १० टनांत सांगाडा, इंजिन, पंख, चाके आणि एक वैमानिक. हे प्रमाण वाचून मी थांबले, कारण अवकाशविमानाची सारी रडकथा ह्या आकड्यांत आहे. मुंबईला जायला निघालेल्या प्रवाशाच्या दहा पिशव्यांपैकी नऊ पिशव्यांत वाटेत जाळायचे लाकूडच भरलेले असावे, तशी ही अवस्था. परत यायचे तर पंख हवेत, चाके हवीत, उष्णता सोसणारे कवच हवे. आणि ते सारे त्या एका उरलेल्या पिशवीतच बसवायचे.

जमिनीवरून उठायला लागणारे इंधन वाचावे म्हणून झेंगरने तीन किलोमीटर लांबीचा एक रूळ कल्पिला होता. त्यावरच्या गाड्याला अग्निबाण जोडलेले. हा गाडा अकरा सेकंदांत पक्ष्याला ध्वनीच्या दीडपट वेग देणार. मग पक्ष्याचे स्वतःचे, १०० टन रेट्याचे इंजिन सुरू व्हायचे. ते बंद पडेपर्यंत पक्षी वातावरणाच्या वर पोहोचलेला असायचा. तेथून तो खाली येताना दाट हवेवर आपले सपाट पोट टेकवून पुन्हा वर उसळणार होता. आपण तळ्याच्या पाण्यावर चपटी ठिकरी तिरकी भिरकावतो, तेव्हा ती टप्पे घेत पुढे जाते ना? अगदी तसेच. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लहान, आणि असे टप्पे घेत जवळजवळ सारी पृथ्वी ओलांडायची. प्रत्येक उसळीनंतर वर थंड पोकळीत गेल्यावर तापलेले अंग निवायलाही वेळ मिळेल, हा त्यातला आणखी एक लाभ.

युद्ध लांबले, तशी जर्मनीला तातडीच्या शस्त्रांची निकड वाटू लागली आणि १९४२ साली हे काम थांबवण्यात आले. झेंगरला आइनरिंग येथे दुसऱ्या संस्थेत पाठवले गेले. तेथे त्याने वाहत्या हवेच्याच दाबावर चालणारी रॅमजेट इंजिने विमानाच्या पाठीवर बसवून तपासली. पण पक्षी त्याच्या मनातून गेला नव्हता. १९४४ साली त्याने आणि इरेने ब्रेटने सारे संशोधन एका गुप्त अहवालात मांडले. त्याच्या सुमारे शंभर प्रती निघाल्या. अहवालाचे नावच दूर पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानाविषयीचे आहे, आणि त्यात न्यूयॉर्क शहराचा नकाशा आहे. बॉम्ब कोठे पडेल आणि कितपत विध्वंस होईल, ते त्यावर दाखवले आहे.

झेंगरचे चाहते म्हणतात की, पैसा मिळावा म्हणून त्याने बॉम्बचे नाव घेतले, खरे लक्ष्य अवकाशच होते. असेलही. पण त्या नकाशापुढे हे समर्थन मला तोकडे वाटते. नकाशात रस्ते होते, रस्त्यांवर घरे होती आणि घरांत माणसे होती. पक्षी उडाला नाही म्हणून ती वाचली. ते श्रेय झेंगरचे नव्हे.

युद्ध संपले आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या अहवालाला जर्मनीत कोणी विचारत नव्हते, त्याच्या प्रती विजेत्यांच्या हाती पडल्या आणि सारे त्याच्यामागे धावू लागले. स्टालिनला ह्या पक्ष्याने एवढे झपाटले की, झेंगर आणि ब्रेट यांना रशियात आणण्यासाठी त्याने माणसे पाठवली. त्यांत ग्रिगोरी तोकायेव नावाचा एक अधिकारी होता, आणि खुद्द स्टालिनचा मुलगा वासिलीही ह्या कामात गुंतला होता. झेंगर त्यांना सापडला नाही. उलट तोकायेवच पुढे ब्रिटिशांकडे निघून गेला! झेंगर तोवर फ्रान्समध्ये नोकरीला लागला होता. तेथेच १९५१ साली त्याने आणि इरेनेने लग्न केले.

त्याच वर्षी लंडनमध्ये निरनिराळ्या देशांतील अवकाश-संस्थांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय अवकाशशास्त्र महासंघ स्थापन केला. त्याचा पहिला अध्यक्ष म्हणून झेंगरची निवड झाली. सात वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या नकाशावर बॉम्बची जागा दाखवणारा माणूस आता राष्ट्रांच्या सहकार्याने अवकाशात जाण्याची भाषा बोलू लागला. ह्या बदलात ढोंग किती आणि पश्चात्ताप किती, हे सांगायला मी कोण? एवढे खरे की, ह्यानंतरच्या त्याच्या लेखनात दूरच्या ताऱ्यांकडे नेणाऱ्या प्रकाशाच्या अग्निबाणापर्यंत कल्पनेची झेप आहे.

१९५४ साली तो जर्मनीत परतला आणि स्टुटगार्ट येथे त्याने जेट इंजिनांच्या संशोधनाची संस्था उभारली. येथे तरी त्याची कहाणी सुखान्त व्हावी! पण इजिप्तच्या अग्निबाण-योजनेला त्याने सल्ला दिला. इस्रायलला त्या अग्निबाणांची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. जर्मन सरकार अडचणीत आले आणि १९६१ साली झेंगरला आपली संस्था सोडावी लागली. मला ह्या प्रसंगाने सर्वांत जास्त विचारात पाडले. पहिल्या वेळी तो तरुण होता, नकारांनी पोळलेला होता, असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी काय म्हणायचे? काम करायला मिळते आहे ना, मग कोणासाठी आणि कशासाठी हे विचारायचे नाही, ही सवय त्याच्या अंगी मुरली असावी. आपले यान परत कोठे उतरेल, याचा हिशेब त्याने दशांशापर्यंत केला. आपले काम कोठे जाऊन पडेल, याचा हिशेब मात्र त्याने दुसऱ्यांवर सोडला.

शेवटच्या वर्षांत युंकर्स कंपनीसाठी तो पुन्हा अवकाशविमानाकडे वळला. ह्या वेळी दोन टप्प्यांचे, दोन्ही टप्पे परत येणारे विमान त्याने आखले. १९६३ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. १० फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या ५८व्या वर्षी, बर्लिनमध्येच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कल्पनेतून स्फूर्ती घेतलेले अमेरिकेचे ‘डायना-सोर’ हे अवकाशविमान त्याच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९६३ मध्ये, बांधून पुरे होण्यापूर्वीच रद्द झाले होते. माणूस गेला तेव्हा त्याचा पक्षी कागदावरच होता.

पण कल्पना माणसाबरोबर जात नाहीत. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे स्पेस शटल उडाले आणि दोन दिवसांनी धावपट्टीवर उतरले. झेंगरचे स्वप्न खरे झाले असे जगाला वाटले. ते अर्धेच खरे झाले होते. परत येणे जमले, पण स्वस्तात परत येणे जमले नाही. अवकाशातून येणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर असतो. तो सारा वेग हवेशी घासून जिरवावा लागतो, आणि त्याची उष्णता होते. रूपेरी पक्ष्याची आकडेमोड युद्धानंतर तपासली गेली, तेव्हा पहिल्याच टप्प्याला मानले होते त्याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होईल, असे आढळले होते. पक्षी उडाला असता, तर बहुधा जळूनच गेला असता. शटलच्या अंगावर ह्याच उष्णतेसाठी २४,००० हून अधिक फरश्या चिकटवल्या होत्या, आणि प्रत्येक फेरीनंतर त्या तपासाव्या लागत. त्यामुळे दर आठवड्या-पंधरवड्याला उडण्याच्या गोष्टी हवेत विरल्या. अगदी गजबजलेल्या १९८५ सालातही उड्डाणे झाली ती नऊ. १९८६ साली चॅलेंजर उड्डाणातच नष्ट झाले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना कोलंबिया जळाले आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला सहा सहकाऱ्यांसह गेली. उड्डाणाच्या वेळी टाकीवरून सुटलेला फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. परतीच्या वाटेवर त्याच भेगेतून आग आत शिरली. २०११ साली, १३५ उड्डाणांनंतर, शटल कायमचे थांबले. रशियाचे ‘बुरान’ तर १९८८ साली एकदाच, माणसाविना, अवकाशात जाऊन आले. झेंगरच्याच नावाने जर्मनीने १९८०च्या दशकात आखलेली दोन टप्प्यांच्या विमानाची योजनाही कागदावरच संपली.

मग ही कल्पना चुकीची होती का? मला तसे वाटत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ ह्या अमेरिकन अग्निबाणाचा खालचा टप्पा परत येऊन आपल्याच ज्वाळेवर उभा उतरला. मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. त्यानंतर एकेक टप्पा वीसहून अधिक वेळा वापरला गेला आहे. फेकून द्यायचे नाही, हे झेंगरचे म्हणणे येथे व्यवहारात खरे ठरले. गंमत अशी की, ह्या अग्निबाणाला पंख नाहीत! जे पंख झेंगरला अत्यावश्यक वाटत होते, त्यांचे ओझे टाळूनच हे यश मिळाले. मात्र त्याचा वरचा टप्पा आजवर प्रत्येक वेळी वायाच गेला आहे, कारण खरी उष्णता तेथेच आहे. पंख असलेले ‘एक्स-३७बी’ हे माणूसविरहित यान २०१० पासून अनेकदा जाऊन परत आले आहे, पण तेही वर जाते ते साध्या अग्निबाणाच्या माथ्यावर बसून. आपल्या इस्रोनेही पंखांचे एक प्रायोगिक यान २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवले. पुढे २०२३ आणि २०२४ साली कर्नाटकात चित्रदुर्ग येथे हेलिकॉप्टरमधून सोडलेले तसेच यान तीन वेळा आपले आपण धावपट्टीवर उतरले. त्याचे नाव ‘पुष्पक’. धावपट्टीवरून निघून अवकाशात जाणारे आणि धावपट्टीवरच परतणारे विमान अजून कोणीही केलेले नाही. ते काम पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक आहे.

शेवटी झेंगरच्या गावाविषयी थोडेसे. युद्धानंतर तेथील जर्मनभाषक लोकांना देश सोडावा लागला. पुढे १९७०च्या दशकात एका धरणासाठी ते गाव पाडण्यात आले. आज त्या जागी पाणी आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. यानाने निघाल्या जागी परत यावे म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याची स्वतःची निघाली जागाच उरली नाही.

झेंगरला थोर म्हणावे की दोषी, हे मी ठरवू शकलेले नाही, आणि हा लेख लिहून झाल्यावरही माझा निर्णय होत नाही. त्याच्या विचाराचा मला आदर वाटतो आणि त्या नकाशाची भीती वाटते. उद्या आपल्यापैकी कोणी प्रयोगशाळेत जाईल, कोणी कचेरीत, कोणी वर्तमानपत्रात. नकार पचवून थकलेल्या क्षणी कोणीतरी हवे ते सारे देऊ करील. त्या वेळी घेण्याआधी एकदा विचारावे की, हे कशासाठी? ऑयगेन झेंगरच्या चरित्रातून मी शिकले ते एवढेच.